गुणाजी कुंभार बायको आणायला जातो

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा कुंभार होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

लग्नाला वर्ष झालं तरी गुणाजी बायकोशी एक गोड शब्द बोलला नाही. भिवरा रुसून माहेरी गेली.

आई म्हणाली, "जा, घेऊन ये तिला. म्हणावं, तू आमच्या घरचा दिवा आहेस."

गुणाजी सासुरवाडीला गेला आणि तसं म्हणाला. भिवरा लाजली. तेवढ्यात त्याने पिशवीतून बुधली काढली, सगळं तेल तिच्या डोक्यावर ओतलं आणि कापसाची वात वळत विचारलं, "ही कुठे लावू?"

सासऱ्यांनी त्याला काठी घेऊन वेशीपर्यंत पोहोचवलं.

गावच्या गुरुजींनी कपाळावर हात मारला. "गाढवा, ते रूपक होतं! तुला झेपायचं नाही. तू 'दिव्यासारखी' म्हण. 'सारखी' म्हटलं, की ती ती वस्तू नव्हे."

"सारखी म्हणजे ती नव्हे," गुणाजीने घोकलं आणि पुन्हा गेला.

सासूबाईंनी मन मोठं करून पुरणपोळी वाढली. "कशी झालीय पोळी?"

"पोळीसारखी."

शेजारच्या मावशी डोकावल्या. "पाव्हणं, हे तुमचे सासरे ना?"

"सासऱ्यांसारखे आहेत."

"आणि ही भिवरा तुमची बायको ना?"

"बायकोसारखी आहे."

मावशींनी भिवरेकडे अशा नजरेने पाहिलं, की ती रडतच आत गेली.

"मग तुम्ही कोण?"

"मी जावयासारखा."

सासरे पायातला जोडा काढू लागले. आतून भिवरा म्हणाली, "अहो, आता एकदाच या. तेव्हाही असंच बोललात तर मी जन्मभर इथेच राहीन."

गुणाजी गुरुजींकडे आला. गुरुजी जेवायला बसत होते. आमटी निवत होती, म्हणून त्यांनी थोडक्यात आवरलं. "जे आहे त्याला 'आहे' म्हण. 'आहे' म्हटलं, की तेच. आणि उपमा द्यायचीच तर तुझ्या रोजच्या पाहण्यातली दे. ऊठ आता."

गुणाजी तिसऱ्यांदा गेला. दारात उभा राहून त्याने रोज काय पाहतो ते आठवलं. मग म्हणाला, "भिवरे, तुझ्यावाचून घर विझलेल्या भट्टीसारखं झालंय. राख आहे, ऊब नाही."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. गुणाजी आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं बोलला, आणि ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. भिवरा गाठोडं बांधायला आत पळाली.

निरोप देताना सासऱ्यांनी त्याचा हात धरला. "जावईबापू, सांभाळा हो. माझी पोर गाय आहे गाय."

गुणाजी थबकला. "मामा, गायीसारखी, की गाय?"

"सारखी कसली! गायच!" सासरे म्हणाले आणि डोळे पुसायला आत गेले.

संध्याकाळी आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. गुणाजी आला. हातात दावं, दाव्याला सासऱ्यांच्या गोठ्यातली गाय, गायीच्या कपाळाला कुंकू.

"सून कुठाय रे?"

"ही काय! मामांनी स्वतः सांगितलं. मी विचारूनसुद्धा घेतलं."

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. "मेल्या, आणि भिवरा?"

"हीच की. वाटेत मात्र घोटाळा होणार होता. एक बाई गाठोडं घेऊन 'अहो, मी, मी' करत वेशीपर्यंत मागे धावत आली. हुबेहूब भिवरेसारखी."

"मग?"

"मग काय? सारखी म्हणजे ती नव्हे. मी म्हटलं, बाई, माझी बायको माझ्याबरोबर आहे. तू आपली घरी जा."