बाकावरची तनुजा

एका डोंगरी गावात तनुजा नावाची एक उंच मुलगी होती. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात तिच्यासारखा स्मॅश दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण मागच्या रांगेत गेली की तिची त्रेधा उडे. समोरून आलेली सर्व्हिस काही केल्या तिला उचलता येत नसे.

तालुक्याच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या सेटमध्ये तेच झालं. तिच्या हातून लागोपाठ दोन चेंडू निसटले. खेळाच्या बाईंनी तिला बाहेर घेतलं आणि तिच्या जागी बुटक्या रेणुकाला धाडलं.

"मला परत घ्याल ना, बाई?" तनुजाने विचारलं.

"नियम ठाऊक आहे ना? या सेटमध्ये एकदाच परत जाता येईल, आणि तेही रेणूच्याच जागी. बस आता. नजर खेळावर ठेव."

तनुजा बाकावर बसली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. रेणू चांगली खेळली तर बाई आपल्याला विसरतील! 'चुकू दे तिला,' ती मनात म्हणाली.

आणि रेणू चुकलीच. सर्व्हिस आखूड आली, नेटच्या जवळच पडली. तनुजाला क्षणभर बरं वाटलं. मग तिने गुणफलक पाहिला. आणखी एक गुण गेला की सामनाच संपणार. मग परत जायचं तरी कुठे?

बाहेर बसल्या बसल्या तिला एक गोष्ट दिसली होती. समोरची मुलगी आखूड सर्व्हिस मारताना चेंडू जेमतेम वर उडवायची. सांगावं का? पण मग टाळ्या रेणूलाच मिळतील. पंचांनी शिट्टी तोंडाशी नेली.

"रेणे!" तनुजा ओरडली. "चेंडू कमी उडवला की पुढे धाव!"

"आत्ता सुचलं होय तुला!" रेणू म्हणाली. पण तिने नजर चेंडूवर रोखली.

चेंडू कमी उडाला. रेणू धावली, गुडघ्यावर घसरली आणि चेंडू उचललाच! गुण मिळाला, सर्व्हिसही मिळाली. सगळ्या मुली एकेक जागा सरकल्या आणि रेणू नेटपाशी आली. तिची बोटं नेटच्या वर पोचेनात.

"बाई, इथे तनूच हवी!" बाईंच्या आधी रेणूच बोलली.

रेषेवर दोघी समोरासमोर आल्या. रेणूचा गुडघा सोलवटला होता.

"जा गं लंबू," ती हसली. "पुढचं तू बघ."

तनुजा नेटपाशी जाऊन उभी राहिली. चेंडू वर आला, आणि तिने उडी घेतली.

तात्पर्य: आपल्या जागी आलेल्याचं वाईट चिंतू नये; त्याला सावरलं तरच आपली परतीची वाट खुली राहते.