रोचनेने मागितलेले वरदान

पूर्वी कृतयुगाच्या उत्तरार्धात, जेव्हा मनुष्याची हाक अजून थेट देवांच्या कानी पोहोचत होती आणि देवांचा रोषही मनुष्याला त्याच क्षणी भोगावा लागत होता, त्या काळी श्वेतशृंग पर्वताच्या पायथ्याशी, पयोधारा नदीच्या तीरावर मुनी हविर्धरांचा आश्रम होता. देवदारांच्या दाट छायेने शीतल झालेल्या आणि सामगायनाने अहोरात्र निनादणाऱ्या त्या आश्रमाच्या मध्यभागी एक विशाल यज्ञवेदी होती, आणि त्या वेदीखाली शुष्कनाभ नावाचा असुर जिवंत गाडलेला होता.

सात नद्यांचे पाणी पिऊन टाकणाऱ्या त्या असुराला इंद्राने युद्धात पाडले होते, परंतु त्याला मृत्यू नव्हता. तेव्हा इंद्र हविर्धरांना म्हणाला होता, "मुनिवर, या वेदीवर बारा वर्षे, दिवसातून तीन वेळा, तुमच्याच कुळातल्या मुखाने म्हटलेल्या अखंड मंत्रांनी आहुती पडली, तर हा असुर पाषाण होईल. तोवर तुम्ही आणि तुमच्या पत्नीने ही कुशाची दोरी ओलांडायची नाही. आणि मर्त्यांचे रक्त-पू हाताळणाऱ्या अश्विनीकुमारांना या यज्ञात बोलावायचे नाही. ते देव असले तरी वैद्य आहेत, यज्ञाला अपवित्र आहेत."

हविर्धरांनी आणि त्यांची पत्नी रोचना हिने वचन दिले. वेदीभोवती शंभर पावलांच्या अंतरावर कुशाची दोरी ताणली गेली. इतर ऋत्विज आणि आश्रमवासी ती ओलांडून ये-जा करीत. हे दोघे मात्र चार वर्षे दोरीच्या आतच राहिले. नदी त्यांना दिसत असे, पण तिच्यात त्यांचे पाऊल पडले नव्हते.

पाचव्या वर्षाच्या वसंतात रोचनेला पुत्र झाला.

हविर्धरांची वृद्ध माता धृतव्रता हिने बाळ हातावर घेतले आणि उजेडाकडे धरून पाहिले. रोचनेने विचारले, "माते, काय झाले?" धृतव्रतेने बाळ तिच्या कुशीत ठेवले. त्याचा वरचा ओठ मधोमध नाकापर्यंत दुभंगलेला होता. रडताना तोंड उघडले तेव्हा आतली टाळूही फाटलेली दिसली. डोळे मात्र काळेभोर आणि टपोरे होते, आणि त्याला भूक लागली होती.

त्याला दूध ओढता येईना. स्तन तोंडात देताच तो धडपडे, ओठ मिटत नसत, आणि जे चार थेंब आत जात ते नाकातून बाहेर येत. बाळ ठसकून निळे पडे. रोचना त्याला उपडे धरी, पाठ थोपटी आणि पुन्हा प्रयत्न करी. हविर्धर वेदीपाशी मंत्र म्हणत होते. आहुत्यांच्या मधल्या वेळात ते येत, दाराशी उभे राहत, आणि बाळाकडे न पाहता रोचनेकडे पाहून परत जात.

तिसऱ्या दिवशी ऋत्विजांचे प्रमुख उग्रश्रवा आले. ते दुष्ट नव्हते, भ्यालेले होते.

"मुनिवर," ते म्हणाले, "या मुखातून मंत्र कधी उमटणार नाही. अशा अपत्याने यज्ञभूमी दूषित होते असे शास्त्र सांगते. बालकाला दोरीबाहेर पाठवा. आम्ही त्याला अश्विनीकुमारांच्या स्थानी नेऊ."

"त्यांचे स्थान किती दूर आहे?" रोचनेने आतून विचारले.

"नऊ दिवसांची वाट."

"आणि वाटेत त्याला दूध कोण पाजील? मला इथे, स्वतःचे दूध असून, ते त्याच्या पोटात घालता येत नाही."

तेव्हा वेदीखालून, भूमीच्या पोटातून घोगरा आवाज आला.

"मुली, तूच घेऊन जा त्याला. दोरी म्हणजे काय, गवत आहे. मी सुटेन, नद्या पुन्हा आटतील, पण ती माणसे तुझी कोण? तुझे मूल तुझे आहे."

रोचना बाळाला घेऊन दोरीपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे नदीवर गावातल्या बायका घागरी भरत होत्या. एकीच्या कडेवर मूल होते. रोचना परत फिरली.

तिने बाळाला ताठ बसते धरले, पळसाच्या पानाची चिमुकली पन्हळ केली आणि गालाच्या आतल्या बाजूने एक एक थेंब सोडू लागली. दहा थेंबांतले चार राहत. एक पाजणी संपेपर्यंत दुसरीची वेळ होई. धृतव्रता तिला पाठीशी टेकू देऊन बसे. तरीही बाळ वाळत चालले. सातव्या दिवशी त्याने रडणे सोडले.

त्या मध्यान्ही हविर्धर आले तेव्हा रोचना म्हणाली, "आर्यपुत्र, याच्याकडे पाहा. सात दिवस तुम्ही पाहिले नाही."

हविर्धरांनी पाहिले. ते खाली बसले.

"मला वाटत होते," ते हळू म्हणाले, "पाहिले तर मला मंत्र म्हणता येणार नाही."

"मी दोरी ओलांडणार नाही. सात नद्यांकाठची मुले मी मारणार नाही. पण माझे मूल इथे मरताना मी मुकाट्याने आहुतीला बसावे, हे मला जमणार नाही. आपल्याला बाहेर जाता येत नाही. मग जे बरे करू शकतात त्यांना आत बोलवा."

"इंद्राने मनाई केली आहे."

"ठाऊक आहे मला."

हविर्धर उठले. वेदीपाशी जाऊन त्यांनी सोमाचे पात्र उचलले आणि ज्या वाणीवर देवही लुब्ध होते त्या गंभीर वाणीने अश्विनीकुमारांचे आवाहन केले. ऋत्विजांनी कानांवर हात ठेवले. क्षणार्धात दोन तेजस्वी कुमार दोरीपाशी उतरले, आणि त्याच क्षणी मेघगर्जनेसह इंद्र प्रकटला.

"हविर्धरा, वचनभंग केलास," इंद्र गरजला. "ज्या वाणीने बहिष्कृतांना हाक मारलीस, ती तुझी वाणी आजन्म मूक होवो."

हविर्धरांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

मग अश्विनीकुमारांपैकी थोरला शांतपणे म्हणाला, "देवराज, आता सायंकाळची आहुती कोणत्या मंत्राने पडणार?"

वेदी थरथरली. खालून असुर हसत होता. इंद्राचा चेहरा उतरला, कारण दिलेला शाप देवालाही परत घेता येत नाही.

तेव्हा रोचना बाळासह पुढे आली. "मंत्र मी म्हणेन. चार वर्षे रोज तीन वेळा ऐकले आहेत. उरलेली आठ वर्षे मी म्हणेन."

इंद्र तिच्याकडे वळला. "तू माझी लाज राखलीस. एक वर माग. शाप टळणार नाही, पण वराने तो उतरू शकतो. पतीची वाणी माग, हवी तर."

रोचनेने पतीकडे पाहिले. त्या वाणीवर तिनेही प्रेम केले होते. मग तिने अश्विनीकुमारांना विचारले, "आज याला बरे करून द्याल का?"

"आज नाही," धाकटा म्हणाला. "हा फार कोवळा आहे. तीन मासांनी ओठ शिवू, वर्षाने टाळू. तोवर कसे पाजायचे ते शिकवतो. पन्हळीची कल्पना तुझी बरोबर आहे, फक्त टोक अधिक निमुळते हवे. पण आम्हाला पुन्हा पुन्हा यावे लागेल, आणि आमची वाट तर बंद आहे."

हविर्धरांनी बाळाला आपल्या हातांत घेतले आणि दोरीपाशी जाऊन अश्विनीकुमारांसमोर धरले. रोचनेला पतीचे उत्तर मिळाले.

"देवराज," ती म्हणाली, "यांची वाट मोकळी करा. इथली, आणि जिथे जिथे बाळ जन्मेल त्या प्रत्येक दाराची. यांना कोणी पवित्र-अपवित्र विचारू नये."

"तथास्तु," इंद्र म्हणाला, आणि अश्विनीकुमारांनी दोरी ओलांडली.

त्यानंतरची आठ वर्षे सोपी गेली नाहीत. ओठ जुळला, पण व्रण राहिला. टाळू दोनदा उसवली. रोचना मांडीवर मूल घेऊन मंत्र म्हणे, थेंब पाजे, पुन्हा मंत्र म्हणे. कधी तिचा घसा बसे, आणि कधी दोरीपलीकडची नदी पाहून ती मुकाट रडे. हविर्धर समिधा टाकत, मुलाला खांद्यावर घेत, आणि रोज सकाळी त्याचे तोंड स्वतः धूत.

बाराव्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी शेवटची आहुती त्या मुलाने, श्रुतबंधूने, दिली. त्याचा स्वर नाकातून येत होता आणि कित्येक अक्षरे धड उमटत नव्हती. उग्रश्रवांनी सवयीने उच्चार सुधारण्यासाठी हात उचलला, आणि तो तसाच खाली घेतला. असुराचा पाषाण झाला. इंद्राने तो हविर्भाग स्वीकारला.

हविर्धर त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले आणि एक शब्दही बोलले नाहीत. पयोधारेच्या खोऱ्यात बाळंतिणीच्या खोलीत जाणाऱ्या वैद्याला दाराशी कोणी अडवीत नाही, आणि दुभंगल्या ओठाचे मूल जन्मले, तर बाप आधी त्याच्याकडे पाहतो.