डावीकडे विलायत, उजवीकडे फ्रान्स

एकच टांगा, एकच रस्ता, एकच फेरी. आणि तो टांगा जायचा कसा, तर इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे डाव्या बाजूनं आणि फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे उजव्या बाजूनं! निंबोणी संस्थानच्या भुजंगराव महाराजांनी काढलेला हा पेपर म्हाताऱ्या धोंडीबा टांगेवाल्याच्या वाट्याला आला होता. नापास झाला, तर तीस वर्षांची चाकरी सुटणार होती.

हे सगळं घडलं महाराजांच्या युरोपच्या सफरीमुळे. चार महिने तिकडे काढून ते परतले, ते देशोदेशीच्या कायद्यांचं एक उशीएवढं पुस्तक काखेत मारून. ज्याला कायद्याचं इंग्रजी येत नाही तो माणूस राजवाड्यात हवा कशाला, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग रोज दुपारी चारला पागेसमोर वर्ग भरू लागला. मास्तर खुद्द महाराज. ज्याचं जे काम, त्याला त्याचे कायदे. आचाऱ्याला देशोदेशीच्या पावाचे, माळ्याला झाडांचे, धोंडीबाला रस्त्यांचे. आचारी चुलीपुढे बसून ‘शॅल, शॅल’ घोकायचा आणि तव्यावरची पोळी करपायची. ती महाराजांच्याच ताटात जायची, आणि महाराज ती मुकाट्यानं खायचे. विद्येसाठी माणसानं एवढं सोसायला हवं.

धोंडीबाला ऐकू कमी यायचं. म्हणून त्याची लेक शेवंता शेजारी बसून महाराजांचं वाक्य न् वाक्य त्याच्या कानात ओरडायची. तीन महिन्यांत धोंडीबाला ‘यस सर’ तेवढं आलं. शेवंताला मात्र सगळा वर्ग पाठ झाला. महाराजांची दोन वाक्यं तर तिला भाकरी थापतानाही आठवायची. एक, ‘शॅल म्हणजे केलंच पाहिजे, सबब चालणार नाही.’ आणि दुसरं, ‘कायद्यात जे लिहिलेलं नाही, ते कायद्यात नाही.’

परीक्षेच्या सकाळी सगळा राजवाडा वेशीवर लोटला. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत रस्ता सरळ होता, आणि देवळाकडे जाताना त्याच्या डाव्या कडेनं चिंचांची रांग. दिवाण तात्यासाहेबांना नेहमीप्रमाणे पुढे पुढे करायचं होतं.

“त्यात काय अवघड आहे?” म्हणत त्यांनी आपली बग्गी रस्त्याच्या बरोबर मधून हाकली.

महाराजांनी पुस्तकातून मान वर केली. “तात्या, अशानं तुम्ही दोन्ही देशांत तुरुंगात जाल.”

दिवाणांनी येताना अर्धा रस्ता डावीकडून काढला, अर्धा उजवीकडून.

“आता निम्मी शिक्षा इकडे, निम्मी तिकडे,” महाराज म्हणाले आणि त्यांनी धोंडीबाला खूण केली.

म्हातारा टांग्याजवळ उभा होता. चाबूक कधी या हातात घेई, कधी त्या हातात.  शेवंतानं बापाच्या हातातून चाबूक घेतला, पदर खोचला आणि पुढे झाली.

“सरकार, तीन म्हैनं बाचे कान मी हुते. आज हातबी मीच झाले, तर चालंल का?”

“कायद्यात मनाई नाही,” महाराज म्हणाले.

“मंग पेपर येकदा वाचून दावा.”

महाराज आवाज चढवून वाचू लागले. “द कॅरेज शॅल कीप टू द लेफ्ट, ॲज इन इंग्लंड. द कॅरेज शॅल कीप टू द राइट, ॲज इन फ्रान्स. म्हणजे गाडी…”

“गाडी डावीकडनं गेलीच पायजे, आन् गाडी उजवीकडनं गेलीच पायजे. सबब न्हाई. पर सरकार, कुनाच्या डावीकडनं, कुनाच्या उजवीकडनं, त्ये लिवलंय का?”

“त्यात लिहायचं काय? डावी ती डावी.”

“म्हंजी लिवलेलं न्हाई,” शेवंता म्हणाली. “बरं, साक्षीला तुमीच बसा टांग्यात. मागं बसा, सरकार.”

महाराज जन्मात टांग्यात बसले नव्हते. मागच्या बैठकीवर चढले, तर तोंड झालं वेशीकडे आणि घोडी राहिली पाठीला. धोंडीबा लेकीशेजारी पुढे बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

शेवंतानं घोडी चिंचांच्या कडेला घेतली. देवळापर्यंत चाक त्या कडेपासून वीतभरही हललं नाही. महाराज मनात खूश होते.

“फसलीस की नाही?” देवळाशी टांगा थांबताच ते म्हणाले. “सगळा रस्ता डावीकडून आलीस. विलायत पास. फ्रान्सचं काय?”

“सरकार, उतरू नगा. बसल्या जागी हात लांब करा आन् चिंच तोडा.”

महाराजांनी हात लांब करून एक आकडा तोडला.

“कंचा हात हाय ह्यो?”

“उजवा,” महाराज म्हणाले. मग हातातल्या चिंचेकडे बघत राहिले.

“वाटंनं समद्या चिंचा तुमच्या उजव्या अंगाला हुत्या, आन् माझ्या डाव्या. मी विलायतंत हाकत हुते, सरकार फ्रान्सात बसलं हुतं. टांगा येकच, रस्ता येकच, फेरीबी येकच.”

“अगं, पण माझं तोंड मागे होतं!”

“तोंड कुठं करून बसायचं त्ये पेपरात हाय का?”

महाराजांनी कागद उलटून पाहिला. पाठकोरा होता.

“आन् कायद्यात जे लिवलेलं न्हाई…” शेवंता हळूच म्हणाली.

“…ते कायद्यात नाही,” महाराजांनी वाक्य पुरं केलं आणि असे खदखदून हसले की घोडीनं कान टवकारले. “धोंडीबा, पास झालास! चाकरी जन्मभर कायम!”

धोंडीबाला शब्द ऐकू आला नाही, पण महाराज हसताना दिसले. “यस सर,” तो म्हणाला.

“आणि शेवंते, तुला जरीकाठी लुगडं, आणि हे पुस्तक. उद्यापासून वर्ग तू घ्यायचास.”

“आन् सरकार काय करनार?”

“मी मागच्या बाकावर. सवय झाली आता.”

पुढे महाराजांनी बग्गीत बसणंच सोडलं. संध्याकाळी वर्ग सुटला की ते स्वतःहून टांग्याच्या मागच्या बैठकीवर चढत आणि म्हणत, “चल शेवंते, जरा फ्रान्सला जाऊन येऊ.”