खारवंड्याचे पुरुष आमिष मागून का घेतात

खारवंड्याच्या किनाऱ्यावरची वाळू काळसर आहे. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे मात्र त्या काळ्या वाळूत एक पांढरी पट्टी दिसते. लांबून बघणाऱ्याला तो फेस वाटतो, पण भरती ओसरली तरी तो फेस काही जात नाही. जवळ जाऊन मूठभर उचललं की कळतं, या तिसऱ्यांच्या, म्हणजे रेतीत राहणाऱ्या शिंपल्यातल्या जिवांच्या, शिंपल्या आहेत आणि त्यातली एकही नखापेक्षा मोठी नाही. पाहुणे मंडळी पोराबाळांसाठी खिसे भरून नेतात. गावातलं कोणी त्यांना अडवत नाही, पण स्वतःही त्या उचलत नाही. कारण विचारलंत तर म्हाताऱ्या बाया खुशीत सांगतील. म्हातारे पुरुषही सांगतील, पण आधी दोनदा घसा खाकरतील.

गोष्ट फार जुनी आहे. गळ टाकून मासे धरायचे तर आमिष हवं, आणि खारवंड्यात आमिष म्हणजे तिसऱ्या. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी रेती उघडी पडते, तिथे बाया उतरायच्या. पायाच्या बोटांनी चाचपायच्या, हाताने उकरायच्या, टोपलीत टाकायच्या. नखाएवढं पिल्लू हाताला लागलं तर ते पुन्हा रेतीत सरकवायचं, हे पोरींना चालायला लागल्यापासून शिकवलेलं असायचं. खायच्या तिसऱ्या बाया घरी विळीवर उघडत. आमिषाच्या तिसऱ्या मात्र ओल्या गोणपाटाखाली जिवंतच होडीवर जात. तिथे पुरुष त्या सुरीच्या टोकाने उघडत, मांसाला जरा मीठ चोळून ते घट्ट करत आणि जिभेचा चिवट भाग गळात दोनदा ओवत, म्हणजे लाटेने आमिष सुटत नाही. हे काम जमलं तरच माणूस मासेमार, नाहीतर नुसता होडीतला भार.

त्या कामात धाकू तांडेलाचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. धाकूच्या डोक्याला तांबडं मुंडासं असायचं आणि ते त्याने झोपतानाही काढलं नसेल, असं बाया अजून हसून सांगतात. त्याच्या होडीला बापाच्या काळापासून आमिष पुरवायची ती येसू. येसू म्हातारी होती, विधवा होती, आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचं तिच्या पायांत बळ उरलं नव्हतं. तिसऱ्या वेचायच्या, धाकूच्या होडीला द्यायच्या आणि त्याने दिलेल्या मासळीवर दिवस काढायचे, एवढाच तिचा संसार.

एका वर्षी मासळी रुसली. दुसऱ्यांच्या होड्यांना चार मासे मिळत आणि धाकूच्या होडीला तेवढेही नाहीत. लोक तोंडावर बोलत नव्हते, पण धाकू दिसला की आपसातलं बोलणं थांबायचं. त्याला ते सहन होईना. अशात एकदा टोपलीच्या तळाशी चुकून आलेली दोन-तीन पिल्लं त्याने एकाच गळाला लावली, आणि त्या गळाला चांगली हातभर तांबोशी लागली. पुन्हा लावली, पुन्हा लागली. कोवळं, गोड मांस ते. मोठी तिसरी हुंगून पुढे जाणारा मासा त्याच्यावर तुटून पडायचा.

मग धाकूने काय केलं, तर बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी बाया पाट्या घेऊन डोंगरापलीकडे जात, रेती मोकळी असे. बाया त्याचीच मासळी विकायला गेलेल्या असताना हा फावडं घेऊन त्यांची रेती खणायचा. खड्डे भरती बुजवून टाकायची. पिल्लं तो कोणी नसताना एकटाच सुरीने उघडायचा आणि रिकाम्या शिंपल्या लांब खोल पाण्यात नेऊन ओतायचा. होडी भरून येऊ लागली. देवी धाकूवर प्रसन्न आहे, असं लोक म्हणू लागले आणि धाकू ते ऐकून घेऊ लागला.

बाजाराला न जाणारी एकच बाई गावात होती. एके दिवशी धाकूने फावड्यावरून मान वर केली तर रेतीच्या कडेला येसू उभी. ती ओरडली नाही. म्हणाली, "धाकू, ती पिल्लां सोड रे. फुडल्या वर्साक बायांनी काय येचूचा?"

धाकूचे कान तापले. "परत करूचंय नाय, काकी," तो म्हणाला. येसूने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी धाकू पुन्हा रेतीत होता. या वेळी तो खाडीच्या वळणापलीकडच्या अंगाला गेला, एवढाच काय तो फरक.

वैशाखात रेतीतल्या तिसऱ्या संपल्या. बाया दिवसभर उकरायच्या आणि मूठभर घेऊन परतायच्या. सगळं गाव देवळाच्या अंगणात बसलं. अशा वेळी लोकांना कारण सापडत नाही, माणूस सापडतं. कोणीतरी म्हणालं, येसू नको त्या दिवशी रेतीत उतरली, तिच्या पायाने रेती वांझ झाली. दुसऱ्याने मान डोलावली, तिसऱ्याने आणखी भर घातली. येसूला उभं केलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माका कित्या विचारतास? तांडेलाक विचारा."

सगळ्या माना धाकूकडे वळल्या. येसूने नुसतं त्याच्याकडे बोट केलं होतं, गुन्हा सांगितला नव्हता. ते त्याने स्वतः सांगावं म्हणून जागा मोकळी ठेवली होती, आणि हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या धाकूला कळत होतं. त्याने मुंडासं जरा सारखं केलं.

"माका काय ठावक नाय," तो म्हणाला.

येसूने खाडीत पाय घालायचा नाही, असं गावाने ठरवलं. ती घरी गेली.

पावसाळा आला, होड्या वर ओढल्या. येसूच्या चुलीचा धूर एक दिवस दिसायचा, दोन दिवस दिसायचा नाही. धाकूने कोणी नाही बघून तिच्या दारात सुक्या माशांची जुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी नेली. त्याला जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसायचा. लाज अशी गोष्ट आहे की ती लपवायला माणूस आणखी लाजिरवाणं वागतो. देवीसमोर उभं राहिलं तरी त्याला तेच चार शब्द ऐकू यायचे, आणि ते त्याच्याच आवाजात असायचे.

नारळी पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. मानाचा नारळ तांडेलाच्या हातात. धाकू पाण्यात उतरला तेव्हा वारा पडलेला होता, समुद्र शांत होता. त्याने नारळ सोडला आणि एक लाट आली. मोठी नव्हती. मागे सरली तेव्हा त्याच्या पायांपाशी पांढरा थर होता. दुसरी लाट आली, थर वाढला. तिसरी आली. लाटा येत राहिल्या आणि नखाएवढ्या शिंपल्या आणून टाकत राहिल्या, असं सांगतात, शेवटी काळ्या वाळूवर एक लांब पांढरी पट्टी तयार झाली आणि सगळं गाव तिच्याकडे बघत उभं राहिलं.

एका बाईने वाकून शिंपली उचलली, फिरवून पाहिली. विळीवर उघडलेल्या शिंपलीची कड साफ असते. सुरीचं टोक सांध्यापाशी खाच पाडतं. तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली. प्रत्येकीला खाच होती.

"ही सुरीची खूण," ती म्हणाली. "ह्या बापयाचा काम."

बायांनी पुरुषांकडे पाहिलं. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाचं हे काम, ते शिंपलीवर लिहिलेलं नव्हतं. धाकू गप्प राहिला असता तर त्या दिवशी गावातला प्रत्येक बाप्या अर्धा चोर ठरून घरी गेला असता, आणि धाकू त्यांच्यात खपून गेला असता. तो विचार त्याच्या मनात आला. आला, म्हणूनच त्याला स्वतःची किळस आली, असं म्हणतात.

येसू सगळ्यांच्या मागे, एका उलट्या होडीला टेकून उभी होती. अंगावर नुसती हाडं राहिली होती. धाकू पाण्यातून निघाला, गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेला. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं. त्याचं उघडं डोकं पहिल्यांदा बघणारे लोक तिथे बरेच होते, पण कोणी हसलं नाही.

"काकी," तो म्हणाला, "मीच तो."

"माका कित्या सांगतंस?" येसू म्हणाली. "माका ठावक होता. त्यांका सांग."

तिच्यापाशी कबूल करून सुटू, असं त्याला वाटलं होतं. आता मागे वळायचं होतं, आणि मागे आख्खं गाव होतं. तो वळला. त्याने फावडं सांगितलं, बाजाराचे दिवस सांगितले, तिने सावध केलं होतं तेही सांगितलं. देवळातलं आपलं वाक्य त्याने पुन्हा म्हटलं आणि ते खोटं होतं असं म्हणाला. ऐकताना लोकांच्याही माना खाली गेल्या. येसूला खाडीबंदी करताना त्या माना जोरजोरात हलल्या होत्या.

धाकूने विचारलं, आता काय करू. येसू माफ केलं म्हणाली नाही, तिने शापही दिला नाही. "आजपासून रेतीत बापयाचो पाय नको," ती म्हणाली. "आमिष व्हया तर कडेक येवन मागा."

रेती भरायला बरीच वर्षं गेली. धाकू तोवर आणि त्यानंतरही, दर खेपेला, उघड्या डोक्याने रेतीच्या कडेला येऊन उभा राहायचा. येसू त्याच्या पंच्यात तिसऱ्या ओतायची. इतरांच्या वाट्यापेक्षा कमी कधी दिल्या नाहीत, फुटक्या कधी दिल्या नाहीत. निवडून, धुऊन, चांगल्या मोठ्या द्यायची. तिने एकदा तरी लहान द्याव्यात, एकदा तरी बोल लावावा, अशी धाकू मनातून वाट बघत राहिला, आणि तसं झालं नाही.

आजही त्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे खारवंड्याचा पुरुष पाऊल टाकत नाही. आमिष हवं असलं की टोपी काढून पट्टीवर उभा राहतो. रेतीतली बाई त्याची बायको असेल, बहीण असेल, आई असेल, ती मान वर करत नाही. उकरता उकरता विचारते, "कोण मागता?" तिला माहीत असतं कोण ते. तरी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं आपलं पूर्ण नाव सांगतो, आणि ते सांगून होईपर्यंत ती टोपलीला हात लावत नाही.