तेरा धरणांची नदी

खूप वर्षांमागे एका नदीवर बीव्हर नावाच्या प्राण्यांनी लाकडाची तेरा धरणं बांधली होती. बर्फ वितळलं की जो तो मनाला येईल तेव्हा आपलं धरण उघडी. त्यातच एकदा वरून अचानक आलेल्या लोंढ्यात खालच्या धरणावरच्या टिकूचा थोरला भाऊ वाहून गेला.

टिकू तडक सगळ्यात वरच्या धरणावर धडकला. "गोबरेकाका, पाणी कधी सोडायचं ते तेराही धरणांनी मिळून ठरवायचं!"

"आणि उद्या माझ्या घराला लाकूड कुठलं, तेही तुम्हीच ठरवणार?"

"छे! घर तुमचं, लाकूड तुमचं. पाणी तेवढं सगळ्यांचं!"

"मग चालेल," काका गुरगुरले.

तेराही धरणांनी ठरवलं: आधी खालचं उघडायचं, मग त्याच्या वरचं, आणि उघडलं की शेपटीची थाप मारून कळवायचं. पुढचा पूर आला! खालून एकेक धरण उघडू लागलं, शेपटीची एकेक थाप वर येऊ लागली. पाणी काकांच्या गळ्याशी आलं, तरी ते थांबले. बारावी थाप ऐकली, तेव्हाच त्यांनी आपल्या धरणाची पहिली काटकी उपसली.