भुंड्या मोराचा वाटा

फार जुनी गोष्ट. एका रानात, उंबराच्या ढोलीत, सगळ्यांचं कोठार होतं. सगळे प्राणी आपल्यातलं थोडं थोडं तिथे आणून ठेवत, आणि शेकरूताई दर दसऱ्याला ते रानातल्या कलावंतांना वाटून टाकी. पद्धत एकच: आधी कला दाखवा, मग दाणे न्या.

त्या दसऱ्याला मोर आला तो भुंडाच.

"नाच की," शेकरूताई म्हणाली.

"ताई, पावसाळा सरला की माझा पिसारा झडतो. नवा यायला पोटात दाणा हवा."

"गेल्या वर्षीही हेच! मी परत पाठवलं, तर रुसून आषाढात नाचलाच नाहीस."

"रुसलो नव्हतो, ताई. पिसारा खुरटाच आला. लाज वाटली."

शेकरूताईचं झुबकेदार शेपूट एकदम खाली आलं. तिने त्याच्यापुढे दाण्यांची रास ओतली. आषाढात मोर असा नाचला, की कधी झाडावरून न उतरणारी शेकरूताई खाली येऊन बघत बसली.

पुढच्या दसऱ्याला बुलबुल गळा साफ करून उभा राहिला. शेकरूताईने त्याला थांबवलं.

"गाणं मग ऐकते, बाळा. आधी सांग, वर्षातल्या कोणत्या दिवसांत तुला उपाशी राहावं लागतं?"