सारवलेल्या अंगणातली पावलं

कोणे एके काळची, डोंगर आजच्याहून थोडे उंच होते तेव्हाची ही गोष्ट. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या एका राज्यात सगळं काही होतं, फक्त स्वतःचं नृत्य नव्हतं. सणासुदीला नाचणारे शेजारच्या राज्यांतून आणावे लागत. शेजारी जाता जाता टोमणा मारत, नाचता येईना, अंगण वाकडं!

राणीच्या मनाला हे फार लागलं. तिने दूरदेशीच्या एका नामवंत नृत्यगुरूंना बोलावून घेतलं आणि आमच्या मातीचं नृत्य उभं करून द्या, अशी विनंती केली.

गुरुजींचं वय झालं होतं, जुन्या दुखण्याने डावा गुडघाही आखडला होता. पण विद्या अजून तरणीताठी होती. त्यांनी नृत्यशाळा काढली. डोंगरातली, खाडीकाठची, गावोगावची मुलं-मुली आली. गुरुजी पुढे उभे राहून नाचत आणि शिष्य मागे उभे राहून त्यांच्यासारखं करत. मग एकेकाला समोर बसवून ते बोटं, मान, नजर घासूनपुसून घेत. वर्षं गेली, शिष्यांचे शिष्य तयार झाले. राणीने हौसेने महाद्वारावर नाचणाऱ्या मूर्ती कोरून घेतल्या आणि वसंतोत्सवाला शेजारच्या राजांना आमंत्रणं धाडली.

उत्सव जवळ आला आणि गुरुजींना ताप भरला. पुढे उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून ते पहिल्यांदाच मागे भिंतीला टेकून बसले. थोरल्या शिष्येने, एका कोळ्याच्या लेकीने, तालीम सुरू केली.

बघता बघता गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. गिरकी घेताना सगळ्यांचा डावा खांदा किंचित पडत होता आणि डावा पाय जमिनीवर खरडत होता. अगदी सगळ्यांचा, एकसारखा.

हे काय गौडबंगाल आहे, ते त्यांना कळेना. पहिला संशय आला तो अंगणावरच. त्यांनी मधोमध एक लिंबू ठेवून पाहिलं. लिंबू जागचं हललं नाही. मग वाटलं, पोरांच्या पायांत काटे मोडले असतील. एकेकाचे तळवे तपासले. एकही काटा सापडला नाही. शेवटी त्यांनी थोरल्या शिष्येलाच विचारलं.

"गुरुजी, तीच तर आपल्या नृत्याची खूण," ती म्हणाली. "ज्याला ती जमत नाही, त्याला आम्ही घरी पाठवतो."

आता मात्र गुरुजींना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण नुकतंच सारवलं होतं. कुणी यायच्या आत ते ओल्या सारवणावरून चालत गेले आणि त्यांनी वळून बघितलं. उजवं पाऊल नीट उमटलं होतं. डाव्या पावलामागे लांब ओरखडा होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जन्मभर दुसऱ्यांची बोटं सरळ करणाऱ्याला आपलं पाऊल दिसलं नव्हतं. गुरुजींना लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ते या राज्याला नृत्य द्यायला आले होते आणि लंगडणं देऊन बसले होते. गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. लोकांना ते आवडत होतं, दगडातही कोरलं गेलं होतं. पण ज्यांना त्यापायी घरी पाठवलं, त्यांचं काय?

गुरुजींनी जाऊन राणीला खरं ते सांगितलं. राणी म्हणाली, "पाहुणे निघाले असतील, गुरुजी. या वेळी हसं झालं, तर मी शाळा बंद करीन."

घरी पाठवलेल्यांना गुरुजींनी परत बोलावलं. अंगणात एक पडदा बांधला आणि मृदंग घेऊन ते त्याच्यामागे जाऊन बसले.

"आजपासून मी तुम्हाला ऐकू येईन, दिसणार नाही," ते म्हणाले. "ताल मी देतो. पाऊल तुमचं तुम्ही शोधा."

मृदंग वाजू लागला. अंगणात सगळे खांबासारखे उभे राहिले. बघून करायला पुढे कुणी नाही, तर नाचायचं कसं? आपण शाळा बुडवली, असंच पडद्याआड गुरुजींना वाटलं. तरी ते वाजवत राहिले.

मग एक पाऊल वाजलं. ओल्या वाळूत जाळं ओढताना आई जशी टाच रोवायची, तशी कोळ्याच्या लेकीने टाच रोवली होती. पाठोपाठ दुसरं वाजलं, ते डोंगरउतारावरून मोळी घेऊन उतरणाऱ्याचं, जपून टाकलेलं. मग कितीतरी वाजली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. खरडण्याचा आवाज कुठेच नव्हता.

उत्सवात शेजारच्या राजांनी तोंडात बोटं घातली. एकाने राणीला विचारलं, "यांचा गुरू कोण? यांच्या नाचात तो कुठे दिसत नाही." राणीने हसून पडद्याकडे बोट दाखवलं.

पुढे राणी महाद्वारावरच्या त्या खांदा पडलेल्या मूर्ती फोडायला निघाली, तेव्हा गुरुजींनीच तिला अडवलं. ते म्हणाले, "राहू द्या. माझ्यानंतर येणाऱ्या गुरूंना उपयोगी पडतील." मूर्ती राहिल्या. गुरुजी गेले, आणि त्यांच्या जागी जो जो आला, तो आधी त्या मूर्तींपुढे घटकाभर उभा राहिला आणि मग पडद्यामागे जाऊन बसला.

तात्पर्य : ताल गुरूचा घ्यावा, पाऊल आपलं टाकावं.